पेपर आला की पाणी

आमच्या घरात ऑर्किडला पाणी द्यायची वेळ घड्याळावर नव्हती, पेपरवर होती. सकाळी सहा-साडेसहाला पेपर दारात पडायचा. आमचे हे तो उचलायचे, उभ्याउभ्याच पहिल्या पानावरचे मथळे वाचायचे, घडी करून टीपॉयवर ठेवायचे आणि झारी घेऊन गॅलरीत जायचे. चहा त्यानंतर. लग्नानंतरची पहिली काही वर्षं मला याचा फार राग यायचा. माणसानं सकाळी उठून आधी बायकोशी दोन शब्द बोलावेत की नाही? आमच्याकडे पहिला मान झाडांचा. मी म्हणायचे, "मी पण गॅलरीत लटकून बसते, म्हणजे माझ्याकडं बघाल." हे नुसते हसायचे आणि झारी भरायला जायचे.

हे सिल्लोडच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होते. प्राध्यापक येत-जात राहिले, हे तिथेच राहिले. रोज शहरातल्या आमच्या गारखेड्यातून निघायचं, एस.टी.नं सिल्लोड गाठायचं, दिवसभर मुलांच्या हातात काचपट्ट्या आणि सूक्ष्मदर्शक द्यायचे आणि संध्याकाळी परत. मुलं त्यांनाच सर म्हणायची, कारण शंका विचारली की न ओरडता सांगणारे तेवढेच होते. ऑर्किडचं वेड त्यांना तिथेच लागलं. आमच्या या कोरड्या शहरात, जिथे मे महिन्यात टाकीच्या नळाला हात लावला तर भाजतो, तिथे कोकणातल्या दमट झाडीतली झाडं जगवायची, हा हट्ट मला तेव्हा खुळेपणाचा वाटायचा. खरं सांगायचं तर अजूनही वाटतो.

पण जगवली त्यांनी. गॅलरीत अठरा झाडं होती. काही कुंड्यांत, काही लाकडी पट्ट्यांच्या टोपल्यांत कोळसा आणि विटेचे तुकडे घालून टांगलेली. उन्हाळ्यात कूलर खोलीकडे तोंड करून न ठेवता गॅलरीकडे वळवून ठेवलेला असायचा. ओली हवा आधी झाडांना, उरलीसुरली आम्हाला. पाहुणे विचारायचे, तुमचा कूलर असा उलटा का? मी सांगायचे, आमच्या घरात माणसं नंतर येतात.

सगळ्यांत लाडकं झाड म्हणजे सीतेची वेणी. कॉलेजची सहल आंबोलीला गेली होती, तेव्हा वादळात मोडून पडलेल्या फांदीवर ते यांना सापडलं. झाडावरून ओरबाडलेलं नाही, पडलेलं उचललेलं, हे ते प्रत्येकाला आवर्जून सांगायचे. मे महिन्याच्या शेवटी त्याला हातभर लांब, गुलाबी ठिपक्यांचा तुरा यायचा. आमच्या लेकीच्या जन्माच्या आधीपासून ते झाड आमच्या घरात होतं.

त्याच झाडाला मी नवी नवरी असताना एकदा संध्याकाळी पाणी घातलं होतं. माझ्या माहेरी सगळ्या झाडांना संध्याकाळीच पाणी घालतात. दिवसभराच्या उन्हानं माती तापलेली असते, सूर्य कलला की अंगणात सडा मारायचा, मग झाडं गार करायची. इकडे सगळीकडे हीच रीत आहे. मला वाटलं, बिचारं दिवसभर होरपळलंय, म्हणून मी तांब्याभर पाणी त्याच्या डोक्यावरून ओतलं. सिल्लोडहून आल्यावर यांनी ते पाहिलं. कापसानं एकेका पानाच्या बेचक्यातलं पाणी टिपून काढलं. मग मला खुर्चीवर बसवलं, प्रयोगशाळेतलं भिंग हातात दिलं आणि मूळ दाखवलं.

"अगं, बाकीच्या झाडांचं तुझं बरोबर हाय," ते म्हणाले. "पण हे मातीतलं नाय. याच्या मुळ्या हवेत असत्यात. कोरडं मूळ चांदीसारखं दिसतं, ओलं झालं की हिरवं. सकाळी पाणी दिलं की दिवसभरात ते पुन्हा चांदीसारखं व्हतं. संध्याकाळी दिलं तर पानांच्या मधल्या पोग्यात पाणी रातभर साचून राहतं आन् पोगा कुजतो. त्याला ओल्या अंगानं झोपवायचं नाय. बस, येवढंच."

एवढंच. पुन्हा कधी सांगावं लागलं नाही. त्या वेळी मला शरम वाटली होती आणि थोडं बरंही वाटलं होतं, कारण माझ्याशी इतका वेळ कुणी इतक्या शांतपणे बोललं नव्हतं.

यांना निवृत्त होऊन तीनेक वर्षं झाली असतील, तेव्हा झाडं मरायला लागली. आधी डेंड्रोबियम जातीच्या ऑर्किडची एक कुंडी. मुळ्या काळ्या, बोटानं दाबलं तर चिखलासारख्या. मग दुसरी. मग एका महिन्यात चार. आम्ही दोघांनी मिळून कारण शोधलं. या शहरात राहणाऱ्या माणसाच्या मनात काय येणार? पाणी. नळ आठ-आठ दिवसांनी येतात, कधी त्याहून उशिरा. कधी पहाटे, कधी भर दुपारी. नळ आले की अख्खी गल्ली धावते. ड्रम भरायचे, हंडे भरायचे, आणि आधीच्या पाळीचं उरलेलं पाणी शिळं म्हणून झाडांना ओतायचं. आम्हाला वाटलं, शिळ्या पाण्यानं मरतात. मग वाटलं, टँकरच्या पाण्यानं. मग बोअरच्या क्षारानं. मी पाणी उकळून गार करून ठेवलं, गाळून ठेवलं. जिथे प्यायचं पाणी माणसं मोजून वापरतात, तिथे झाड जास्त पाण्यानं मरत असेल असं कुणाच्या डोक्यात येईल?

शेजारच्या भाभींच्या आलं. त्या मूळच्या सिल्लोडच्या, आमच्या भिंतीला लागून राहतात. वाळवण घालायला गच्चीवर गेल्या की आमची गॅलरी त्यांना दिसते. एक दिवस त्या भिंतीवरून वाकून मला म्हणाल्या, "भाभी, बुरा मत मानना. भाईसाब सुबह पानी डाले, फिर दोपहर को सो के उठे तो डाले, अब फिर डाल रै. मैं तीन दिन से देख रई."

मी गॅलरीत गेले. हे झारी घेऊन उभे होते, सकाळी असतात तसेच, अगदी मन लावून. मी म्हटलं, "अहो, सकाळी दिलं ना पाणी?" ते माझ्याकडे आश्चर्यानं पाहत म्हणाले, "सकाळच हाय की आता."

संध्याकाळचे साडेपाच वाजले होते.

पुढचं सगळं दवाखान्यांचं आहे आणि ते मी लिहिणार नाही. डॉक्टरांनी सांगितलं ते एवढंच की हे परत येणारं नाही. झोपून उठलं की यांना सकाळ वाटायची. दिवसातून तीनदा झोपले तर तीन सकाळी. आणि प्रत्येक सकाळी ते आपलं काम चोख करायचे. चुकत काहीच नव्हतं, हीच तर अडचण होती. सकाळी पाणी द्यायचं हे त्यांना पक्कं आठवत होतं. फक्त सकाळ कधी संपली ते कळत नव्हतं.

तोवर सतरा झाडं गेली होती. सगळ्यांत वर, वाऱ्यात टांगलेली असल्यानं सीतेची वेणी तेवढी तगली. लेक पुण्याहून फोनवर म्हणाली, "आई, झारी लपवून ठेव." झारी लपवली तर हे तांब्या घेत, तांब्या लपवला तर पेला. गॅलरीला कुलूप लावलं तर दार धरून लहान मुलासारखे उभे राहत. मग मला पेपरचं सुचलं. हे पेपर वाचल्याशिवाय झाडांकडे जात नाहीत. सकाळचं एक पाणी झालं की मी पेपर उचलून गादीखाली सारायला लागले. दुपारी उठले की हे टीपॉयकडे पाहायचे, पेपर नाही म्हणून दारात जायचे आणि पायरीवर बसून वाट पाहायचे. "आज पेपरवाल्यानं लई उशीर केला," असं म्हणायचे. मी म्हणायचे, "येईल थोड्या वेळानं." अंधार पडेपर्यंत बसायचे. मग जेवायचे.

मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं त्या युक्तीचं. विहारातल्या बायकांनाही मी ते हसत सांगितलं होतं. आता वाटतं, एका माणसाला मी रोज दुपारभर पायरीवर बसवून ठेवत होते आणि वर हसत होते.

दोन उन्हाळे असे काढले. झाड जगलं. दुसऱ्या उन्हाळ्यात त्याला तुराही आला. यांनी तो पाहून मला हाक मारली, पण माझं नाव त्यांना आठवलं नाही. "अहो, या इकडं," असं म्हणाले. मला यांनी आयुष्यात कधी अहो म्हटलं नव्हतं. मी गेले, तुरा पाहिला, छान आहे म्हटलं आणि मोरीत जाऊन रडले. लेकीला तर ते त्याआधीच विसरले होते. ती आली की "बसा, पाणी घ्या" म्हणायचे. पण मुळी चांदीसारखी आहे की हिरवी, ते लांबून ओळखायचे. मला त्या झाडाचा हेवा वाटायला लागला. साठी उलटलेल्या बाईनं एका झाडाचा हेवा करावा, हे लिहितानाही लाज वाटते, पण ते तसंच होतं.

मग श्रावण संपता संपता तो दिवस आला. हवा कोंदट होती, कपडे दोन-दोन दिवस वाळत नव्हते. दहा दिवस नळ आले नव्हते. मी सकाळपासून कान लावून बसले होते. यांनी सकाळीच अंथरूण खराब केलं होतं आणि चादर धुवायला पुरेल इतकं पाणी घरात नव्हतं. साडेचारच्या सुमाराला भिंतीपलीकडून भाभी ओरडल्या, "भाभी, नल आ गए!" मी पाइप लावला, ड्रममधलं तळाचं शिळं पाणी बादलीत काढलं, ड्रम विसळला. कमरेत उसण भरली होती. तेवढ्यात हे झोपून उठून आले आणि खांबाला धरून माझ्याकडे पाहत राहिले.

"बाई," ते म्हणाले, "आमची मंडळी कुठं गेली?"

मी बादली दाणकन बाजूला ठेवली.

"तिला सांगा, मी उठलोय म्हणून. ती अशी आदळआपट करत नाय. लई शांत हाय ती."

मी कधीच शांत नव्हते. लग्नाच्या पहिल्या दिवसापासून मी आदळआपट करत आले आहे. या माणसानं माझ्या जागी कुठली तरी शांत बाई बसवली होती आणि मला तिच्या चाकरीला ठेवलं होतं. माझ्या डोक्यात काय गेलं ते मला नीट सांगता येणार नाही. मी ओल्या हातानं आत गेले, गादीखालून पेपर काढला आणि टीपॉयवर ठेवला.

"पेपर आला," मी म्हटलं.

त्यांचा चेहरा इतका खुलला. उभ्याउभ्याच मथळे वाचले, घडी केली. बादलीतल्या शिळ्या पाण्यानं झारी भरली. मी ती बादली त्यांच्याकडे सरकवली, हे मुद्दाम लिहून ठेवते. ते गॅलरीत गेले आणि मी ड्रम भरेपर्यंत त्यांचा मला काही त्रास झाला नाही. पाणी देऊन आल्यावर ते समाधानानं खुर्चीत बसले. मला तासभर कमर टेकायला मिळाली.

एक दिवस रागाचा होता असं म्हणता येईल. पण दुसऱ्या दिवशीही मी पेपर लपवला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. तो राग नव्हता, ती विश्रांती होती. पेपर समोर असला की ते पायरीवर बसत नसत, पुन्हा पुन्हा विचारत नसत. पाणी देत आणि शांत होत. आठ-दहा दिवस मी तो तासभर घेतला. पानांच्या बेचक्यात पाणी साचलेलं मला रोज दिसत होतं. कापूस कपाटात होता. ते पाणी कसं टिपायचं हे या घरात माझ्याइतकं कुणाला माहीत होतं? मी टिपलं नाही.

एका सकाळी झाडाचा पोगा तपकिरी दिसला. मी दोन बोटांनी हलकेच धरला तर तो अलगद माझ्या हातात आला. खाली सगळं मऊ झालं होतं, आंबूस वास येत होता. मधला पोगा गेला की हे झाड वर वाढत नाही. वाट पाहिली, दालचिनीची पूड लावून पाहिली, उशिराच का होईना कापसानं टिपून पाहिलं. एकेक पान गळत गेलं. टोपलीत कोळसा उरला आणि त्याला चिकटलेल्या वाळक्या मुळ्या.

यांनी पाहिलं तेव्हा मी शेजारी उभी होते. त्यांनी टोपली फिरवून फिरवून पाहिली, गळून पडलेल्या पानाचा बुडखा नाकाशी नेला. बाकी काही आठवत नसलेला माणूस, पण दोन मिनिटांत बरोबर कारण सांगितलं.

"याला कुणीतरी संध्याकाळी पाणी दिलंय."

त्यांना वाटणं शक्यच नव्हतं की ते आपण दिलं. ते सकाळशिवाय पाणी देत नाहीत. माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "कुणी दिलं?"

"मी," मी म्हटलं.

ते खाली बसले आणि रडले. यांची आई गेली तेव्हाही हे रडले नव्हते.

दुपारी झोपून उठले. ते सगळं विसरले होते. गॅलरीत गेले आणि टोपली त्यांना पुन्हा पहिल्यांदा दिसली. पुन्हा तेच. "कुणी दिलं?" "मी." संध्याकाळी पुन्हा. दुसऱ्या दिवशी मी टोपली उतरवून ठेवली, की निदान दिसायला नको. तर हे घरभर शोधत फिरले. पलंगाखाली वाकून पाहिलं, कूलरचं झाकण काढून पाहिलं. "इथं एक झाड व्हतं, एक झाड व्हतं," असं म्हणत रस्त्यावर निघाले. भाभींनी हात धरून परत आणलं. मग मी टोपली परत टांगली. सापडत नाही याच्यापेक्षा मेलं हे बरं, असं मी ठरवलं. बरोबर की चूक ते सांगायला घरात कुणी नाही.

लेक म्हणाली, "तसंच दुसरं आणून लावू, बाबांना काय कळणार." नर्सरीतून आणलेलं झाड तिनं टांगलंही. यांनी त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "हे चांगलं हाय, पण हे आपलं नाय." आणि त्याच्या आडून जुनी टोपली शोधली.

पेपर आता मी लपवत नाही. लपवायचं कारण उरलं नाही. काल दुपारी चारला ते उठले. पेपर वाचला, घडी केली, झारी भरून गॅलरीत गेले. भरलेली झारी घेऊन तसेच परत आले.

"बाई, त्या झाडाला कुणी संध्याकाळी पाणी दिलं?"

"मी दिलं."

मी त्यांच्या रडण्याची वाट पाहत राहिले. पण काल ते रडले नाहीत. माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिले, प्रयोगशाळेत काचपट्टी फोडलेल्या मुलाकडे पाहावं तसं. मग खुर्ची ओढली.

"बसा इथं. शिकताना व्हतं असं." मी बसले. त्यांनी झारी खाली ठेवली. "हे झाड मातीतलं नाय. याच्या मुळ्या हवेत असत्यात..."

सगळं सांगितलं. चांदीसारखं मूळ, हिरवं मूळ, पोग्यात साचणारं पाणी, ओल्या अंगानं झोपवायचं नाही ते. एक शब्द इकडचा तिकडे नाही. मी मान हलवत राहिले. आवाजही तोच होता, फक्त अगंच्या जागी बाई. सांगून झाल्यावर मला धीर द्यावा म्हणून ते म्हणाले:

"मनाला लावून घेऊ नका. आमच्या मंडळीनं पण नवीन असताना असंच केलं व्हतं. पण तिला एकदाच सांगितलं. तिनं पुन्हा कधी तशी चूक केली नाय."

मी उठले, झारी उचलली आणि त्यातलं पाणी परत ड्रममध्ये ओतलं.